पॉझिटिव्ह आल्यानंतर

आयव्हीएफच्या गरोदरपणात दिवसांचा हिशेब सुरुवातीपासूनच वेगळा असतो. प्रयोगशाळेत स्त्रीबीज फलित झालं तो दिवस दोन आठवड्यांचा धरायचा आणि त्यात भ्रूणाचं वय मिळवायचं. म्हणजे पाच दिवसांचं भ्रूण गर्भाशयात सोडलं, की त्याच दुपारी कागदावर बाईला दोन आठवडे पाच दिवस झालेले असतात. भ्रूण मधे सहा महिने गोठवून ठेवलेलं असलं तरी हिशेब तोच. बाराव्या-चौदाव्या दिवशी ती रक्त द्यायला जाते तेव्हा पाचवा आठवडा चालू असतो. एरवी या सुमाराला एखादीला पाळी पुढे गेल्याची नुसती शंका आलेली असते. हिच्या हातात मात्र रिपोर्ट असतो, त्यावर आकडा असतो, आणि दोन दिवसांनी तो किती व्हायला हवा हेही तिला पाठ असतं.

आपण गरोदर आहोत हे इतक्या लवकर आणि इतक्या बारकाव्यांनिशी आपल्या आज्या-पणज्यांना कधी कळलं नव्हतं. हे पुस्तक अशा बायकांच्या पहिल्या बारा आठवड्यांचं आहे, त्यांनीच लिहिलेल्या लेखांमधून. उपचारांबद्दल मराठीत आता बरंच लिहिलं जातं, गर्भसंस्कारांवर तर दुकानं भरून पुस्तकं आहेत. या दोहोंच्या मधले तीन महिने मात्र कुणाच्याच खात्यावर नाहीत. मी स्वतः त्यांतून गेले, नंतर समुपदेशनाच्या कामात अनेक जणींसोबत पुन्हा पुन्हा गेले, आणि दर वेळी हेच जाणवलं, की 'पॉझिटिव्ह' आलं की आजूबाजूची माणसं सुटकेचा श्वास टाकतात आणि बाईचा श्वास तिथून पुढे अडकतो.

या विषयाचा इतिहासही जन्मतारखांनीच सांगितला जातो. २५ जुलै १९७८, इंग्लंडमधलं ओल्डहॅम, लुईझ ब्राउन, आयव्हीएफमधून जन्मलेलं जगातलं पहिलं बाळ. पण तिच्या जन्मामागच्या रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो या जोडीने त्याआधी दोन वर्षं, १९७६ साली, शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासूनच्या एका गरोदरपणाची नोंद प्रसिद्ध केली होती. तो गर्भ गर्भनलिकेत रुजला होता आणि काढून टाकावा लागला. त्या बाईने ते आठवडे कसे काढले असतील? तिच्या पाठीशी तर एकही यशस्वी उदाहरण नव्हतं. लुईझनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली, तीही गोठवलेल्या भ्रूणातून. सरकारी चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली; त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि १९९७ मध्ये देशातल्या पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. ही हकिगत मला फार मोठी वाटते. आज महाराष्ट्रात ज्या हजारो बायकांच्या गर्भाशयात गोठवलेलं भ्रूण सोडलं जातं, त्या सगळ्या मुखोपाध्यायांच्या वाटेवरून चालतात. मात्र दुर्गाच्या किंवा हर्षाच्या आईचे पहिले तीन महिने कसे गेले, याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काही लिहिलेलं नाही.

आता त्या आठवड्यांकडे येते. पहिल्यांदा प्रोजेस्टेरॉनबद्दल लिहिते, कारण या पुस्तकातल्या बहुतेक प्रत्येकीच्या मजकुरात ते आहे.

नेहमीच्या महिन्यात स्त्रीबीज फुटून बाहेर पडलं की अंडाशयात मागे एक पिवळसर पिंड राहतो. तो प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन अस्तर वाढवलं आणि मग गोठवलेलं भ्रूण सोडलं, तर त्या महिन्यात स्त्रीबीज फुटलेलंच नसतं. मग पिंड नाही, त्याचं प्रोजेस्टेरॉनही नाही. सगळी भिस्त बाहेरून दिलेल्या औषधावर. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान वार हे काम स्वतःकडे घेते, तरी डॉक्टर सावधगिरी म्हणून दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत औषध चालू ठेवतात. एक डोस चुकला म्हणून लगेच काही होत नाही, पण हे तिला कुणी शांतपणे समजावून सांगितलेलं नसतं. म्हणून ती मोबाइलवर तीन-तीन गजर लावते.

इंजेक्शन तेलातलं असतं. तेल घट्ट, त्यामुळे सुई जाड. अँप्युल आधी तळहातात धरून कोमट करायचं, म्हणजे तेल थोडं पातळ होतं. कमरेखाली, बाहेरच्या वरच्या बाजूला, आज उजवीकडे दिलं तर उद्या डावीकडे. औषध हळूहळू सोडायचं, नंतर चोळायचं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंना गाठी होतात. मग कुशीवर झोपलं तर दुखतं, उताणं झोपलं तर दुखतं, आणि रिक्षात बसताना हाताने आधार घ्यावा लागतो. रोज कुणाकडून घ्यायचं हा वेगळाच प्रश्न. गल्लीतला दवाखाना रविवारी बंद, लक्ष्मीपूजनाला बंद. जालन्याजवळच्या एका गावातल्या बाईने लिहिलंय, की तिचा नवरा तालुक्याच्या नर्सबाईंकडून इंजेक्शन द्यायला शिकला. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते आणि ती पालथी पडून त्यालाच धीर देत होती. महिन्याभरात त्याचा हात इतका बसला, की ती म्हणते, नर्सपेक्षा याचं कमी दुखतं. डोहाळे पुरवण्याच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. रात्री साडेनऊला हात धुऊन, स्पिरिटचा बोळा घेऊन उभा राहणारा हा माणूसही त्याच कौतुकाला पात्र आहे.

या औषधाने आणखी एक गोष्ट होते, आणि ती मनाला फार थकवते. प्रोजेस्टेरॉनने छाती दुखते, पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही, दुपारी झापड येते. गरोदरपणातही नेमकं हेच होतं. त्यामुळे शरीर काय सांगतंय ते कळायला मार्गच उरत नाही. छाती दुखली तर ती औषधाने की बाळाने? आणि एखाद्या सकाळी दुखायची थांबली तर? लक्षणं रोज कमी-जास्त होतात, त्यावरून गर्भाची स्थिती ओळखता येत नाही, हे खरं आहे. पण ते खरं आहे हे माहीत असूनही बायका दिवसातून दहा वेळा छाती दाबून बघतात. मळमळ सुरू झाली म्हणून आनंदाने रडलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांना उलटीचं औषध घ्यायला तयार करणं हे माझ्या कामातलं एक अवघड काम असतं, कारण उलटी थांबली की त्यांचा पुरावा जातो.

'बीटा' म्हणजे रक्तातलं एचसीजी मोजणारी चाचणी. भ्रूण रुजलं की त्याच्या बाहेरच्या पेशी हे संप्रेरक सोडायला लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ते अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत साधारण दुप्पट होतं. पुष्कळ जणी घरीच आधी पट्टी लावून बघतात. मी कुणाला त्याबद्दल रागावत नाही, फक्त इतकं सांगते, की ताज्या सायकलमध्ये, म्हणजे भ्रूण न गोठवता सोडलं असेल तेव्हा, बीजं पक्व करायला एचसीजीचंच इंजेक्शन दिलेलं असेल, तर त्याचा अंश आठवडा-दीड आठवडा रक्तात राहतो आणि पट्टीवर खोटी रेघ उमटू शकते. बीटाचे आकडे एकमेकींशी ताडून बघण्याची सवय मात्र मनापासून सोडावी असं मला वाटतं. एकीचा पहिला आकडा नव्वद आणि दुसरीचा चारशे असूनही दोघींचं गरोदरपण नीट पुढे जाऊ शकतं. पहिल्या आकड्यापेक्षा तो कसा वाढतो हे महत्त्वाचं, आणि शेवटी सोनोग्राफीत काय दिसतं ते त्याहून महत्त्वाचं.

ती पहिली सोनोग्राफी. पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भाची पिशवी दिसते, सहा-साडेसहा आठवड्यांना ठोके. तेव्हा गर्भ जेमतेम चार-सहा मिलिमीटरचा असतो. या सुमाराची तपासणी आतून करतात, आणि उपचारांच्या काळात ती इतक्या वेळा झालेली असते, की बाई सवयीने टेबलावर चढते. त्याआधी 'एफ' फॉर्म भरायचा. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्या कायद्याखालचा हा फॉर्म. तो हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यात हयात मुलांच्या संख्येचा रकाना आहे. या पुस्तकातल्या एकीने फक्त त्या रकान्यावर दीड पान लिहिलंय. वर्षानुवर्षं तिथे शून्य लिहिताना हात कसा जड व्हायचा, आणि त्या दिवशी शून्य लिहून ती आत गेली तेव्हा टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली, कारण पडदा डॉक्टरांकडे वळवलेला होता. डॉक्टर काही क्षण काहीच बोलले नाहीत. ते माप घेत होते. ते क्षण तिने इतके तपशिलाने लिहिलेत, की मी सोनोलॉजिस्ट मंडळींना हात जोडून विनंती करते: माप घेत असताना नुसतं 'बघतोय, अजून मोजतोय' एवढं तरी बोलत जा.

स्पॉटिंगबद्दल मला स्पष्ट लिहायला हवं. पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार रक्त दिसणं खूप साधारण आहे; चारपैकी जवळपास एका गरोदरपणात ते होतं आणि त्यांतली बहुसंख्य गरोदरपणं पुढे जातात. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांनी गर्भाशयाचं तोंड नाजूक होऊन तपकिरी डागही पडतो. पण रक्त खूप जात असेल, पोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल, खांदा दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर रात्र असो की सण, थेट रुग्णालय गाठावं. आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयातच सोडलेलं असलं तरी ते क्वचित नलिकेत सरकून रुजू शकतं. ताज्या सायकलनंतर पोट झपाट्याने फुगणं, लघवी कमी होणं, दम लागणं हेही थांबण्यासारखं नाही; अंडाशयं अति उत्तेजित झालेली असतील तर रुजलेल्या गर्भाच्या एचसीजीने तो त्रास वाढतो. 'उगाच घाबरते' असं म्हणतील या भीतीने घरी बसून राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि घर. ट्रान्सफर झाला, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडलं, की बाईला खाटेवर झोपवायचं, जिना उतरू द्यायचा नाही, केसांवरून पाणी घेऊ द्यायचं नाही. परभणी-हिंगोलीकडून पुण्याला किंवा संभाजीनगरला उपचारांसाठी आलेली जोडपी एसटीच्या धक्क्यांना घाबरून तीन महिने शहरात खोली घेऊन राहतात; आधीच उपचारांवर लाखांनी पैसे गेलेले, त्यात हे भाडं. भ्रूण उभं राहिल्याने पडत नाही. गर्भाशयाच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भ्रूण त्यांच्यामधे असतं. सक्तीच्या झोपून राहण्याने रुजण्याची शक्यता वाढत नाही असंच अभ्यासांतून दिसून आलंय. डॉक्टरांनी एखादीला तिच्या कारणासाठी विश्रांती सांगितली असेल तर ती घ्यावीच. बाकीच्यांनी हिंडावं-फिरावं, कामावर जावं. चोवीस तास छताकडे बघत पडलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, ते आठव्या आणि अकराव्या लेखात वाचा.

सासूबाईंचा, आईचा यात दोष काढणं सोपं आहे, आणि मी ते करणार नाही. त्यांच्याकडे प्रेम दाखवायला 'झोप, मी करते' हेच एक साधन असतं. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरओटी भरायची रीत आहे. ओटीत नारळ, खण, तांदूळ, आणि खोलीत मोजक्याच बायका. तीन महिने बाहेर वाच्यता नको, पण घरातल्या चार जणींना ठाऊक असावं, अशी ती व्यवस्था. आमच्या बायकांच्या बाबतीत ती कोलमडते. काहींच्या घरात ट्रान्सफरची तारीख चुलत नणंदेपर्यंत सगळ्यांना माहीत असते आणि बाराव्या दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागतात. काहींनी आयव्हीएफ केल्याचंच कुणाला सांगितलेलं नसतं, त्यामुळे भीती वाटते हेही सांगता येत नाही. नोकरी करणारीला तर दर दोन-तीन दिवसांनी रक्त द्यायला उशिरा येण्याचं कारण नवं शोधावं लागतं. गर्भ पडला तर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून आपल्याकडे आहे, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. ती मागायची तर आधी कुणाला तरी सांगावं लागतं, तिथेच अडतं.

गर्भ जाण्याबद्दल या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलेलं आहे. निदान झालेल्या गरोदरपणांपैकी शेकडा दहा ते वीस पुढे जात नाहीत, वय चाळिशीकडे झुकलं की हे प्रमाण बरंच वाढतं, आणि पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांमध्येच दोष असतो. म्हणजे जिना चढल्याने नाही, भांडण झाल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही. हे वाक्य मी समोरासमोर कितीदा तरी म्हटलंय, आणि त्यानंतरही बाई विचारते, 'पण त्या दिवशी मी बादली उचलली होती.' तिला पुन्हा सांगायचं. तिसऱ्यांदाही सांगायचं. एका लेखात आणखी वेगळं दुःख आहे. दोन पिशव्या दिसल्या, दोन्हींत ठोके दिसले, आणि आठव्या आठवड्यात एकीतले थांबले. घरचे म्हणाले, एक तरी आहे ना, देवाची कृपा. ती लिहिते, की दुसऱ्यासाठी रडले तर पहिल्याला दृष्ट लागेल असं वाटून ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

मला जे आवर्जून सांगायचंय ते इथेच सांगते. या बायकांच्या भीतीला आपण कृतघ्नपणा समजतो. 'इतक्या वर्षांनी देवाने दिलंय, आता तरी हस' असं म्हणतो, आणि तीही स्वतःला तेच म्हणते. प्रत्यक्षात ती भीती तिने अनुभवातून कमावलेली आहे. एकेका पायरीवर काय काय बिघडू शकतं हे तिने फॉलिकलच्या मापांपासून अस्तराच्या जाडीपर्यंत शिकलेलं असतं. ते ज्ञान पॉझिटिव्ह रिपोर्टच्या दिवशी पुसलं कसं जाईल? ती घाबरली म्हणून बाळावर वाईट परिणाम होईल हे सांगून तर तिच्यावर आणखी एक ओझं टाकू नये. भीती आणि आनंद एकाच दिवशी, एकाच तासात येऊ शकतात. आनंद बाराव्या आठवड्यापर्यंत राखून ठेवला म्हणून, वाईट झालंच तर, दुःख कमी होत नाही. पाचव्या आठवड्यात पहिला रिपोर्ट आल्यावर जिने नवऱ्यासोबत बसून गोडाचा शिरा करून खाल्ला आणि जिचा गर्भ सातव्या आठवड्यात गेला, तिने लिहिलंय की तो शिरा केला हे बरं झालं.

डॉक्टरांसाठीही यात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. उपचारकेंद्रात बाई आठवड्याला दोन-दोनदा जात असते. नर्स नावानिशी ओळखते, व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचं उत्तर येतं. मग आठव्या-दहाव्या आठवड्यात एक दिवस हातात फाइल देतात आणि सांगतात, आता तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. नव्या ठिकाणी जाड फाइल कुणी उघडत नाही. 'आता इतरांसारखंच समजा, चार आठवड्यांनी या.' वैद्यकीयदृष्ट्या ते बहुधा बरोबर असतं. पण जी दर तिसऱ्या दिवशी आकड्यावर जगत होती, तिला एकदम चार आठवडे पोकळी मिळते, आणि नेमकी याच सुमाराला इंजेक्शनंही बंद होतात. जे औषध गर्भ धरून ठेवतंय असं तिला दोन महिने सांगितलं, ते थांबवायच्या आदल्या रात्री ती झोपत नाही. मधे एक भेट ठेवावी, दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी एकदा फोनवर बोलावं, आणि औषध का थांबवता येतं हे पाच मिनिटं काढून समजावून सांगावं. याला नवं यंत्र लागत नाही आणि खर्चही नाही.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधे एनटी स्कॅन होतो. तेव्हा गर्भ साडेचार ते साडेआठ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, हातपाय हलताना दिसतात. बहुतेक लेख तिथे थांबतात, कारण मी लेखिकांना तेवढंच मागितलं होतं. काहींचं गरोदरपण तिथवर पोचलंच नाही, त्यांचे लेख त्या त्या आठवड्याला थांबलेत आणि ते तसेच, इतरांच्या मधेच छापलेत. वेगळा विभाग केलेला नाही. पुढे मूल झालं की नाही हे कुणाच्याच लेखात येणार नाही. वाचणारी कदाचित स्वतः सहाव्या आठवड्यात असेल, आणि शेवट आधी कळला की ती फक्त मूल झालेल्या बायकांचे लेख वाचेल, बाकीचे उलटून टाकेल, असं एका लेखिकेनेच सुचवलं. बाकीच्या सगळ्यांनी ते मान्य केलं.